पावसाळ्यात उभी बोट, वीस टक्के इथेनॉल आणि मी वापरलेली तीन औषधं

गोव्यात शापोरा नदीवर आमच्या बाजूला पेट्रोलात टाकायच्या ॲडिटिव्हला कोणी ॲडिटिव्ह म्हणत नाही, सगळे औषध म्हणतात. मशीनला औषध घातलं का, एवढंच विचारतात. गेल्या वर्षभरात मी अशी तीन औषधं वापरून बघितली, पैसे माझे, मशीन माझं, आणि जे दिसलं ते सगळं लिहितोय, कारण मराठीत शोधायला गेलो तर कार आणि बाईकचंच सापडतं, बोटवाल्यांसाठी कोणी नीट लिहिलेलं मला तरी मिळालं नाही आणि आमच्या लोकांचे पैसे फुकट जातायत हे डोळ्यांसमोर दिसतंय.

आधी बोट कसली ते सांगतो. २२ फुटी फायबर, मागे ४० एचपी फोर स्ट्रोक आउटबोर्ड, कार्बोरेटरवालं (हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग) जुनं मशीन, आणि २५ लिटरच्या दोन सुट्या टाक्या. चोपडें-आगरवाडा बाजूने सुटतो, पाहुण्यांना घेऊन नदीत वर मासे धरायला, पक्षी बघायला, आणि समुद्र शांत असला तर मोरजीच्या टेंबाला वळसा घालून बाहेर. मे संपता संपता बोट वर ओढायची ती चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, कधी कधी तर दसऱ्यालाच पाण्यात. मासेमारीवाल्यांची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची, पण आमच्यासारख्यांचं मशीन सरळ चार महिने गप्प असतं. गाडीवाल्याची टाकी आठ-दहा दिवसांत रिकामी होते म्हणून त्याला हा त्रास कळत नाही, आमचं पेट्रोल मात्र टाकीत बसून राहतं आणि सगळी भानगड तिथेच आहे.

२०२४ चा दसरा. मशीनची पूजा केली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि चावी फिरवली. खरखर, खरखर, बंद. पुन्हा. पाच-सात वेळा केल्यावर एकदा धरलं, अर्धा मिनिट फडफडलं आणि मेलं. मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी कार्बोरेटरचा खालचा बाऊल उघडला, आत पांढरट भुकटी चिकटलेली, पितळेच्या जेटवर (बारीक भोकाचा तुकडा, ज्यातून पेट्रोल सुटतं) हिरवा गंज, आणि बाऊलमधलं पेट्रोल त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून उन्हात धरलं. खाली बोटभर थर वेगळा, वर पिवळट पेट्रोल वेगळं, मधे रेघ अशी स्पष्ट जशी कुणी पट्टीने मारली.

"अरे, तू मे महिन्यातलं पेट्रोल तसंच ठेवलंस?"

"हो मेस्त्री, सहा-सात लिटर होतं, टाकून कशाला द्यायचं म्हणून..."

"मग हे बघ. वरचं पेट्रोल कामाचं नाही आणि खालचं पेट्रोलच नाही."

बिल झालं ६,८००, कार्ब किट, दोन जेट, फ्युएल पंपाचे डायफ्राम आणि मजुरी धरून. वर ऐन दिवाळीच्या तोंडावर आठ दिवस बोट उभी. पण मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. आमच्या नदीच्या मुखावर वाळूचा बांध आहे, सुकतीला तिथे लाटा फुटतात, आणि तो बांध पार करताना बोटीत सहा माणसं असताना मशीन असं फडफडून बंद पडलं असतं तर? त्या रात्री मला झोप नव्हती, आणि तिथूनच ह्या औषधांच्या मागे लागलो.

आता हे होतं का ते थोडक्यात, कारण हे कळल्याशिवाय कुठली बाटली कामाची ते कळणार नाही. आपल्याकडे २०१४ साली पेट्रोलात दीड टक्क्याच्या आसपास इथेनॉल, म्हणजे एक प्रकारचं अल्कोहोल, होतं, जून २०२२ ला दहा टक्के झालं, २०२३ मध्ये वीस टक्केवालं पंपावर यायला लागलं आणि २०२५ मध्ये देशभर सरासरी वीसवर पोचलं. मूळ ठरलं होतं २०३० साल, ते अलीकडे आणलं. ऊसवाल्या शेतकऱ्याला पैसा मिळतो, बाहेरून तेल कमी आणावं लागतं, ते सगळं मान्य, माझं त्यावर भांडण नाही. प्रश्न एवढाच की इथेनॉलला पाणी आवडतं. साधं पेट्रोल पाणी जवळ घेत नाही, इथेनॉलवालं ते पोटात घेतं, आणि एका मर्यादेपर्यंत घेऊन झालं की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली जाऊन बसतं. दहा टक्केवालं पेट्रोल १५ डिग्रीला साधारण अर्धा टक्का पाणी धरतं, म्हणजे २० लिटरमागे १०० मिली, अर्धा पेला समजा. वीस टक्केवालं त्याहून जास्त धरतं, पण एकदा सुटलं की खाली बसणारा थरही मोठा असतो, आणि आपल्या टाकीची नळी पेट्रोल ओढते कुठून तर तळातून. म्हणजे मशीनला पहिला घास त्याच थराचा. वर जे उरतं त्याचं ऑक्टेनही (मशीनमध्ये वेळेआधी न पेटायची पेट्रोलाची क्षमता) उतरलेलं, कारण ते वाढवायचं काम इथेनॉल करत होतं.

आणि अजून एक, जे पुष्कळ जणांना माहीतच नाही. आउटबोर्डची मॅन्युअल काढून बघा, यामाहा, मर्क्युरी, सुझुकी, सगळे इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं म्हणतात, त्याच्या पुढे नाही. अमेरिकेत तर पंधरा टक्केवालं पेट्रोल बोटीत घालायला कायद्यानेच मनाई आहे. इथे आपल्याला नेहमीच्या पंपावर दुसरा पर्याय मिळत नाही. बिन-इथेनॉलचं पेट्रोलही मिळावं म्हणून सुप्रीम कोर्टात अर्ज गेला होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळला. म्हणजे जे आहे त्यातच मशीन सांभाळायचं आहे.

पहिली बाटली. म्हापशाला एका गाडीच्या सामानाच्या दुकानात घेतली, दुकानाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. "टाकीतलं पाणी काढतं" असं वर मोठ्या अक्षरात. २८० रुपये, ३०० मिलीची, एका टाकीला एक. दुकानदाराने शपथेवर सांगितलं की पाणी नाहीसं होतं. मी दोन महिने घातली, नोव्हेंबर-डिसेंबर. मशीन चाललं, पण मशीन तर तसंही चाललंच असतं, कारण सीझनमध्ये टाकी दर दोन दिवसांनी रिकामी होते. मग एक दिवस निवांत बसून मागचं बारीक अक्षर वाचलं तर आत मुख्य माल आयसोप्रोपिल अल्कोहोल. म्हणजे बघा, पेट्रोलात वीस टक्के अल्कोहोल आधीच आहे, त्याने पाणी ओढलंय, आणि आपण पैसे देऊन वर अजून अल्कोहोल घालतोय. ही बाटली बिन-इथेनॉलच्या पेट्रोलासाठी निघालेली, थंड देशात नळीत पाणी गोठू नये म्हणून. तिथे तिचं काम असेल. आपल्या पेट्रोलात, आपल्या हवेत, बोटीच्या टाकीत तिचं काहीही काम नाही. घेऊ नका. एवढं स्पष्ट सांगतो, कारण आमच्या जेटीवर अजून तीन-चार जण हीच घालतायत आणि त्यांना वाटतंय आपण मशीनची काळजी घेतोय.

दुसरी एन्झाइमवाली, बाहेरून मागवलेली, तिचंही नाव लिहीत नाही. २,४०० ला पडली. तिचा दावा असा की एन्झाइम पाण्याचे थेंब बारीक करून पेट्रोलात पसरवतात आणि ते जळून जातात, शिवाय मायलेज वाढतं. जानेवारी ते मार्च घातली. माझ्याकडे वही असते, प्रत्येक फेरीचं पेट्रोल आणि तास लिहितो, वडिलांची सवय, ते रापणीचा हिशोब असाच लिहायचे. वहीत फरक शून्य. नदीत वर जाऊन परत, एकच रस्ता, भरती बघून सुटायचं, दोन वर्षांपूर्वी ह्या फेरीला १८ लिटर लागायचं आणि आता १९ च्या थोडं वर लागतं, बाटली घाला नाहीतर नका घालू. आणि हे असंच होणार, कारण इथेनॉलमध्ये ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, मग वीस टक्के इथेनॉल म्हणजे सहा-सात टक्के ताकद सरळ गेली. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातसुद्धा जुन्या चारचाकींसाठी सहा-सात टक्के घट लिहिलेली आहे. ती कुठलं औषध परत आणणार? ताकद बाटलीतून येत नाही. तिचा वास मात्र छान होता, कार्बही मार्चमध्ये उघडला तेव्हा बऱ्यापैकी स्वच्छ होता, पण त्याचं श्रेय मी बाटलीला देत नाही, रोज चालणाऱ्या मशीनचा कार्ब स्वच्छच असतो.

तिसरी म्हणजे स्टा-बिल ३६० मरीन, अमेरिकेची, निळसर हिरवं पाणी. ही ऑनलाइन मागवली, ९४६ मिलीची, मला ३,६०० च्या आसपास पडली, यायला तीन आठवडे लागले आणि बूच थोडं पाझरलेलं होतं, पण सील शाबूत होतं. किंमत ऐकून घरात आई म्हणाली, एवढ्यात तर चवथीचं माटोळीचं (गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सगळं सामान येतं रे. बरोबरच आहे. पण हिशोब करून बघा, डोस आहे १० गॅलनला १ औंस, म्हणजे ३८ लिटरला ३० मिली, आमच्या २५ लिटरच्या टाकीला २० मिली. एका बाटलीत १,२०० लिटर पेट्रोलाचं काम होतं. लिटरमागे तीन रुपये. पहिल्या बाटलीचा हिशोब लावला तर ती लिटरमागे अकरा रुपयांच्या वर जात होती, आणि तिचा उपयोग काहीच नाही.

ही बाटली स्टॅबिलायझर आहे. पाणी काढायचं तिचं मुख्य काम नाही, पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणं आणि धातूला गंज चढू न देणं हे आहे. लेबलवर बारा महिने लिहिलंय. मी बारा महिने बघितलेलं नाही, साडेचार महिने बघितले, म्हणून तेवढ्याचंच सांगतो.

मे २०२५ मध्ये मी एक उद्योग केला. लोणच्याच्या जुन्या काचेच्या सहा बरण्या घेतल्या, प्रत्येकीत २०० मिली पेट्रोल, एकाच टाकीतलं. आधी त्या पेट्रोलात इथेनॉल किती तेही बघितलं, हे कोणीही करू शकतो, मेडिकलमध्ये मिळतं तसं मोजमापाचं उभं भांडं घ्यायचं, १०० मिली पेट्रोल, त्यात २० मिली पाणी, झाकून हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात येतं. माझ्या भांड्यात खालचा थर २० चा ३८-३९ झाला. म्हणजे वीस टक्के आहे, कमी नाही. (हे पेट्रोल नंतर परत टाकीत घालू नका, आणि हे सगळं घराबाहेर, विस्तव आणि सिगरेट लांब ठेवून.)

तर सहा बरण्या. एकीत नुसतं पेट्रोल, एकीत एन्झाइमवाली, एकीत स्टा-बिल. उरलेल्या तिघींत हेच तीन प्रकार पण वर एक एक चमचा पाणी. प्रत्येकीत एक लोखंडी खिळा आणि एक जुना पितळी जेट टाकला. पाणी घातल्यावर काय झालं ते बघण्यासारखं होतं. पहिले काही थेंब हलवल्यावर नाहीसे झाले, पेट्रोल परत स्वच्छ. मग अजून थोडं घातलं तर एकदम सगळं धुरकट झालं, पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसं, आणि दहा-पंधरा मिनिटांत तो धूर खाली उतरून थर झाला. चमचा पाच मिलीचा, पण थर त्याच्या कितीतरी पट. तिन्ही बरण्यांत. औषध असलेल्या बरण्यांत पण. एन्झाइमवाली मी नंतर डबल डोस घालून हलवली, तासभर ठेवली, थर जसाच्या तसा. स्टा-बिलनेही तो थर परत मिसळला नाही. एकदा इथेनॉल फुटून खाली बसलं की कुठलंही औषध त्याला परत वर चढवत नाही, हे मी वाचलं होतं, आता डोळ्यांनी बघितलं. असं पेट्रोल मशीनला द्यायचंच नाही. काढायचं, वेगळं ठेवायचं, आणि विहिरीजवळ किंवा खाडीत अजिबात ओतायचं नाही. खाडीतले शिनाणे (शिंपले) आपणच खातो.

बरण्या झाकणं घट्ट लावून अंगणाच्या टोकाला पत्र्याच्या खोपीत ठेवल्या, मिर्गाच्या आधी. चवथीनंतर, सप्टेंबरच्या मध्याला उघडल्या. बिनपाण्याच्या बरण्यांत फरक स्पष्ट होता. नुसत्या पेट्रोलाचा रंग गडद, चहाच्या पाण्याकडे झुकलेला, वास आंबट, जेटला बोट लावलं तर चिकट. एन्झाइमवाल्यात रंग थोडा बरा, चिकटपणा होताच. स्टा-बिलवाल्यात रंग जवळपास मे महिन्यातलाच, जेट पितळेसारखा पिवळा, खिळ्यावर एक डाग नाही. पाणीवाल्या तिन्ही बरण्यांत मात्र खिळा गंजला, कारण तो खालच्या थरात पडलेला, फक्त स्टा-बिलवाल्यात गंज कमी, टोकाला आणि डोक्याला, बाकीच्या दोघांत पूर्ण लाल. म्हणजे गंजविरोधी काहीतरी त्या बाटलीत खरंच आहे, पण ते तुम्हाला फुटलेल्या पेट्रोलापासून वाचवत नाही, नुकसान थोडं कमी करतं एवढंच.

आता एक गोष्ट ह्या बरण्यांनीच शिकवली जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बिनपाण्याच्या बरण्या आमच्या पावसात, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या हवेत, चार महिने राहिल्या आणि एकीतही थर पडला नाही. झाकण घट्ट होतं म्हणून. मग माझ्या टाकीत २०२४ ला एवढं पाणी आलं कुठून? खोपीत जाऊन बघितलं, पत्र्याला भोक, बरोबर टाकी ठेवायचो त्याच्या वर, आणि टाकीच्या बुचावरचा हवेचा स्क्रू मी उघडाच ठेवला होता. सगळे म्हणतात गोव्याची हवा दमट म्हणून पाणी होतं. हवेने होत असेलही, मोठ्या बसवलेल्या टाक्यांना श्वासाची नळी कायम उघडी असते तिथे तर होतंच, पण सुट्या टाकीत पहिला गुन्हेगार तो स्क्रू आणि बुचाचं वॉशर. वॉशर तीस-चाळीस रुपयांना मिळतं.

माझ्या काकांची गोष्ट वेगळी आणि तीही सांगायला हवी, कारण आमच्याकडे लहान होड्यांना अजून टू स्ट्रोकच आहेत. त्यांचं १५ एचपी, लिटरला २० मिली तेल मिसळून चालवतात. टू स्ट्रोकमध्ये पेट्रोल फुटलं तर खालच्या इथेनॉल-पाण्याच्या थरात तेल नसतं, तेल वरच्या पेट्रोलाबरोबर राहतं. मशीनने तळातून तो थर ओढला की पिस्टनला तेलच नाही. फोर स्ट्रोकमध्ये मशीन बंद पडतं, टू स्ट्रोकमध्ये पिस्टन घासतो, आणि मग दुरुस्ती हजारांत नाही, दहा हजारांत जाते. त्यात इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, जुन्या कार्बला ते कळत नाही, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि मशीन जास्त तापतं. काकांना मी म्हटलं, काका, तेल-पेट्रोल मिसळून आठ दिवसांच्या वर ठेवू नका, लागेल तेवढंच मिसळा. ते म्हणाले, "आम्ही पन्नास वर्षं असंच ठेवतोय." मी एक फुटलेली बरणी त्यांना नेऊन दाखवली, त्यात त्यांचंच निळं तेल टाकून हलवलं. निळा रंग सगळा वर राहिला, खालचा थर पाण्यासारखा. बरणी हातात धरून बराच वेळ बघत बसले, आणि दुसऱ्या दिवशी कॅन धुवायला काढला.

रबराचं काय? लेबलांवर सगळीकडे नळ्या, सीलं ह्यांचं रक्षण असं लिहिलेलं असतं. मला तसं काही दिसलं नाही. माझा पंपिंगचा बल्ब, म्हणजे पेट्रोल मशीनपर्यंत ढकलायला नळीवर असतो तो रबरी फुगा, दोन वर्षांत मऊ लिबलिबीत झाला आणि नळी आतून सोलायला लागली, तिचे काळे कण फिल्टरात सापडले, तेही ज्या काळात मी औषध घालत होतो त्याच काळात. औषधाने जुनी नळी नवी होत नाही. इथेनॉलला चालणारी नळी घ्या, नळीवर छापलेलं असतं, थोडी महाग असते पण एकदाच. ज्यांच्या बोटीत जुनी फायबरची टाकी आतच बांधलेली आहे त्यांनी तर औषधाचा विचार नंतर करा, आधी ती टाकी बघा, इथेनॉल जुन्या पॉलिएस्टर रेझिनला विरघळवतं आणि तो काळा डांबरासारखा चिकटा व्हॉल्व्हपर्यंत जातो. तिथे टाकी बदलणं हाच उपाय.

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त फायदा झाला ती बाटली नाहीच, ती म्हणजे पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, खाली पारदर्शक वाटी असलेला. टाकी आणि मशीनच्या मधे बसवला, मेस्त्रींनी स्टीलचा ब्रॅकेट करून दिला, सगळं मिळून ४,२०० गेले. रोज सकाळी सुटायच्या आधी वाटीत बघतो. आत काही गढूळ किंवा रेघ दिसली की खालचा नळ सोडून काढून टाकायचं. इथेनॉलमध्ये विरघळलेलं पाणी हा फिल्टर पकडत नाही, सुटं पाणी आणि कचरा पकडतो, पण वाटी दिसते हाच मोठा फायदा, बांधावर पोचायच्या आधी जेटीवरच कळतं. एकदा फेब्रुवारीत खरंच कळलं, पंपावरून आणलेल्या पेट्रोलातच पाणी होतं. कुठला पंप ते लिहीत नाही, तेव्हापासून गर्दीच्या पंपावरूनच घेतो जिथे टाकीतला माल रोज बदलतो.

आता पावसाळ्याचं, माझी पद्धत २०२५ ला काय होती आणि पुढेही तीच असेल. शेवटच्या फेरीनंतर टाक्यांतलं उरलेलं पेट्रोल भावाच्या स्कूटरमध्ये आणि शेजाऱ्यांच्या गाडीत. फुकट देऊन टाकलं तरी परवडतं. मग पाच लिटर ताजं पेट्रोल, त्यात चार मिली स्टा-बिल, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून, आणि गोड्या पाण्यावर मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं म्हणजे औषधाचं पेट्रोल कार्बपर्यंत पोचतं. हे इथे पुष्कळ जण चुकतात, औषध टाकीत घालून झाकण लावतात आणि कार्बमध्ये जुनंच राहतं. शिवाय औषध ताज्या पेट्रोलातच घालायचं, तीन महिने शिळं झालेल्यात घालून ते ताजं होत नाही. मग नळी काढायची, मशीन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचं, कार्बचा खालचा स्क्रू सोडून राहिलेलं काढायचं. ज्यांचं मशीन ईएफआय (कार्बऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवालं) आहे त्यांनी असं कोरडं चालवू नका, आतला पंप पेट्रोलावरच थंड राहतो, त्यांनी औषधाचं पेट्रोल आतच राहू द्यायचं, म्हणून स्टॅबिलायझरचा खरा उपयोग आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे. प्लगच्या भोकातून तेलाचा स्प्रे, टाक्या पूर्ण कोरड्या, स्क्रू बंद. बसवलेली मोठी टाकी असेल तर एकतर पूर्ण रिकामी नाहीतर जवळपास भरलेली औषधासकट, अर्धी कधीच नाही.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला. पूजा केली, माळ घातली, बल्ब दाबला, चावी फिरवली आणि दुसऱ्या फिरकीला धरलं. मेस्त्री मुद्दाम आले होते, म्हणाले बाऊल उघडून बघूया तरी. उघडला, आत कोरडं आणि स्वच्छ, जेटवर चमक. त्यांनी काही न बोलता बाऊल परत लावला आणि प्रसादाचं खोबरं घेतलं.

मग गुण कसे देऊ? स्टा-बिल ३६० मरीनला पावसाळ्यात मशीन उभं ठेवणाऱ्यासाठी पाचपैकी चार, एक गुण किमतीचा आणि पाण्याबद्दल लोक तिच्याकडून जी अपेक्षा ठेवतात त्याचा कापला. रोज बोट चालवणाऱ्याला, सीझनमध्ये, मी ती घ्याच असं म्हणणार नाही, आठवड्याच्या आत पेट्रोल संपत असेल तर ते तीन रुपये फिल्टरासाठी बाजूला काढा. एन्झाइमवालीला दीड. अल्कोहोलवालीला शून्य. आणि हातात पाच हजार असतील तर आधी फिल्टर, मग नळी आणि बल्ब, मग वॉशर, आणि बाटली सगळ्यात शेवटी.

घेणार असाल तर दोघा-तिघा बोटवाल्यांनी मिळून एक घ्या, एकट्याला १,२०० लिटरचं औषध पावसाळ्यापुरतं कधीच संपत नाही आणि एकदा सील फोडलं की दोन वर्षांत वापरायचं असतं. बूच घट्ट, सावलीत, उभी. मी माझ्यावर मार्करने फोडल्याची तारीख लिहून ठेवलीय, १२ मे २०२५, आणि आत अजून पाऊण बाटली आहे, आगरवाडा-चोपडें बाजूला कोणाला चार-पाच मिली लागलं तर मे अखेरीला जेटीवर सिरिंज घेऊन या.